लांब पल्ल्याची नेमबाजी: स्कोप कसा निवडावा, वारा कसा वाचावा (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी पट्ट्यातल्या नेमबाजांसाठी)

सेकंदाला १ मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटरचा आडवा वारा गालाला जाणवतही नाही. उदबत्तीचा धूर तेवढा कलतो. पण स्टँडर्ड वेगाची .२२ लाँग रायफलची गोळी ५० मीटरवर तेवढ्यानंच सुमारे ७ मिमी सरकते. ५० मीटर रायफलच्या अधिकृत टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि पुढची वर्तुळं ८-८ मिमीवर. न जाणवणारा वारा जवळजवळ एक गुण घेऊन जातो. हा हिशेब डोक्यात ठेवून दुकानात गेलात, तर टार्गेट किती मोठं दिसतं यापेक्षा स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) किती खात्रीनं मोजतो आणि मोजून पुन्हा जागेवर येतो का, हे आधी विचाराल.

आधी स्पर्धेचा प्रकार, मग खरेदी

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ५० मीटर प्रोन (झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) या प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागे डायॉप्टर (बारीक भोकाची साइट), पुढे गोल फोरसाइट. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली आणि स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते याच साइट्सवर. तुमची वाट ती असेल तर रायफल-स्कोपवर पैसे घालू नका. २० ते ३० पटीचा चांगला स्पॉटिंग स्कोप (टार्गेट बघायची वेगळी, स्टँडवरची दुर्बीण) आणि त्याचा भक्कम स्टँड घ्या. वाऱ्याचा भाग मात्र तुम्हालाही तितकाच लागू आहे. स्कोप लागतो तो बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून), एफ-क्लास (लांब पल्ल्यावर, झोपून, आधारावर टेकवून) आणि .२२ नं १०० ते २०० मीटरवर होणाऱ्या सरावाला.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते; .२२ पासून पुढे शस्त्र परवाना लागतो. परवान्यावर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असतं. ते कर्नाटकापुरतंच असेल, तर कोल्हापूर किंवा बालेवाडीच्या रेंजवर जाताना कोगनोळी ओलांडण्याआधीच क्षेत्रवाढ करून घ्या. स्पर्धेचं पत्र परवान्याची जागा घेत नाही. आणि सराव फक्त मान्यताप्राप्त रेंजवर. .२२ ची गोळी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या शिवारात तेवढ्या अंतरात वस्ती, गुरं, उसात राबणारी माणसं असतातच, आणि जांभा दगडावर आपटलेली गोळी कुठल्या दिशेला उसळेल याचा भरवसा नाही.

स्कोपमध्ये काय बघायचं

पट. सगळे आधी हाच आकडा विचारतात आणि इथेच जास्त पैसे वाया जातात. ५० मिमी भिंगाचा स्कोप २५ पटीवर ठेवला की डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५० भागिले २५, म्हणजे फक्त २ मिमी रुंद उरतो. मान जराशी हलली की कडेला काळं दिसू लागतं. शिवाय तापलेल्या जमिनीवरची थरथर पटीच्या प्रमाणात वाढते. चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या रानावर मार्च ते मे सकाळी दहानंतर ३० पटीतून टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं. ६ ते २४ पटीचा, ४४ ते ५० मिमी भिंगाचा स्कोप इथल्या बहुतेक कामाला पुरतो: हिवाळी सकाळी २४ वर, उन्हात १२ ते १६ वर. ४० पटीचा हट्ट धरण्यापेक्षा तेच पैसे काचेच्या दर्जात आणि माउंटमध्ये (स्कोप रायफलीवर पकडणाऱ्या रिंगा आणि पट्टी) घाला.

पॅरॅलॅक्स. हे न समजल्यामुळे चांगले नेमबाज महिनोन् महिने स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतात. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेषा) एकाच प्रतलात नसतील, तर डोळा हलला की रेटिकल टार्गेटवर सरकतं. जास्तीत जास्त चूक काढायला सोपा हिशेब आहे: भिंगाच्या व्यासाचा निम्मा, गुणिले टार्गेटचं अंतर आणि पॅरॅलॅक्सचं अंतर यांतला फरक, भागिले पॅरॅलॅक्सचं अंतर. ४० मिमी भिंगाचा, १०० मीटरला कायमचा बांधलेला स्कोप ५० मीटरवर वापरला तर २० गुणिले ५० भागिले १००, म्हणजे १० मिमी. पूर्ण दहाचं वर्तुळ! मोठ्या काडतुसांसाठी बनवलेले, १०० यार्ड किंवा त्याहून लांब बांधलेले स्कोप .२२ वर बसवले की असं होतं. म्हणून बाजूला किंवा पुढच्या भिंगावर पॅरॅलॅक्सची चकती असलेला आणि किमान २५ मीटरपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्या. चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. रायफल रेस्टवर स्थिर ठेवून, हात न लावता डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. रेटिकल टार्गेटला चिकटून राहील तिथे चकती थांबवा आणि पांढऱ्या रंगानं खूण करा. त्याआधी आयपीस जुळवलेला हवा: मोकळ्या आकाशाकडे दोन-तीन सेकंदच बघायचं, रेटिकल पहिल्या नजरेला काळंभोर दिसलं पाहिजे. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळाच जुळवून घेतो आणि सेटिंग चुकतं.

क्लिक, म्हणजे टरेटचा (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या चकतीचा) एक टप्पा. दोन मापं चालतात. एक एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी. पाव एमओएची एक क्लिक ५० मीटरवर ३.६ मिमी, ०.१ मिलची ५ मिमी. नुसत्या ५० मीटरच्या बेंचरेस्टसाठी एक-अष्टमांश एमओए (१.८ मिमी) उत्तम. अंतरं बदलत असतील तर ०.१ मिल सोयीचं, कारण आपण मीटर-सेंटिमीटरमध्येच विचार करतो. रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात असले पाहिजेत. रेटिकल मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये असला स्वस्त स्कोप घेतलात तर प्रत्येक दुरुस्तीला ३.४४ नं गुणत बसाल, तेही घड्याळ चालू असताना.

रेटिकल पुढच्या प्रतलात की मागच्या? ठरावीक अंतरावर कागद मारायचा असेल तर मागचं. पट वाढवली तरी रेषा बारीकच राहतात. पण त्यावरच्या खुणा एकाच पटीवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत वरच्या. उन्हामुळे पट निम्मी केलीत तर तीच खूण दुप्पट अंतर दाखवते, आणि वाऱ्यासाठी दिलेली सूट दुप्पट होऊन गोळी पलीकडे जाते. पट वारंवार बदलणाऱ्यानं पुढच्या प्रतलाचं घ्यावं. मात्र वरच्या पटीवर मधला ठिपका दहाचं वर्तुळ झाकत नाही ना, हे दुकानातच बघावं. ५० मीटरवर ते वर्तुळ जेमतेम ०.२ मिल भरतं.

स्कोपची नळी २५.४ मिमीची की ३० ची, हा मुख्यतः वर-खाली फिरण्याच्या मर्यादेचा प्रश्न आहे, उजेडाचा नव्हे. ५० मीटरवर झीरो केलेल्या (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेल्या) .२२ ला १०० मीटरसाठी साधारण २ मिल आणि २०० मीटरसाठी ८ मिलच्या आसपास वर जावं लागतं. एकूण ६० एमओए फिरणारा स्कोप सपाट रेलवर (स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीवर) मधोमध झीरो झाला तर वर उरतात ३० एमओए, म्हणजे पावणेनऊ मिल. अगदी काठावर. २० एमओए उताराची रेल बसवली की प्रश्न सुटतो.

स्प्रिंगच्या एअर रायफलीवर स्कोप लावणार असाल तर तो एअरगनसाठी बनवलेला आहे हे लेखी बघा. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्हीकडून बसतो. पुढच्या धक्क्यासाठी न बनवलेल्या स्कोपचं रेटिकल सुटतं.

बसवणं

बहुतेक .२२ वर ११ मिमीची डव्हटेल खाच असते, मोठ्या रायफलींवर पिकाटिनी रेल. रिंगा त्याच मापाच्या घ्या. खाचेत दुसऱ्या मापाची रिंग आवळून बसवली तर ती आज बसते आणि पन्नास गोळ्यांनंतर सरकते. तेलकट खाच आणि स्क्रू आधी स्पिरिटनं पुसा. स्कोप सैल ठेवून, ज्या पोझिशनमध्ये मारायचं त्याच पोझिशनमध्ये झोपा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर टेका, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. टेबलावर बसून ठरवलेलं अंतर प्रोनमध्ये नेहमी चुकतं, कारण झोपल्यावर डोकं पुढे जातं.

सरळपणासाठी गवंड्याचा ओळंबा वापरा. २५ मीटरवर पांढऱ्या कागदासमोर ओळंबा टांगा, रायफल स्पिरिट लेव्हलनं सपाट धरा आणि रेटिकलची उभी रेषा दोरीवर आणा. रिंगांचे स्क्रू तिरप्या जोडीनं, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा; दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरतं, पण उत्पादकानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. लॉकटाइट लावायचंच तर खालच्या बेसच्या स्क्रूंना, वरच्या रिंगांना नको: ओल्या स्क्रूवर टॉर्क चुकीचा लागतो आणि नळी दबते. पॅरॅलॅक्सची चकती किंवा पटीची रिंग अचानक जड फिरू लागली तर रिंगा जास्त आवळल्या आहेत असं समजा.

रायफल मारताना कलली तर काय होतं? २०० मीटरवर .२२ ची गोळी नळीच्या रेषेपासून दोन मीटरहून जास्त खाली येते. ३ अंश कललात तर त्यातले १० सेंमीहून जास्त बाजूला जातात, आणि तुम्ही वाऱ्याला दोष देता. स्कोपवर छोटी लेव्हल बसवा.

झीरो झाल्यावर एक परीक्षा घ्याच. १०० मीटर टेपनं मोजा, पावलांनी नव्हे. दीड मीटर उंच कागदावर ओळंब्यानं उभी रेघ काढा. खालच्या खुणेवर ५ गोळ्या. मग टरेट १० मिल वर करून त्याच खुणेवर नेम धरून ५ गोळ्या. दोन गटांच्या मध्यांत बरोबर १ मीटर हवा. ९७ सेंमी आले तर तुमचा टरेट ३ टक्के कमी फिरतो. आकडा वहीत लिहा आणि हिशेबात धरा. वरचा गट रेघेच्या बाजूला गेला तर रेटिकल तिरकं आहे. शेवटी टरेट खाली आणून आणखी ५ गोळ्या मारा. त्या पहिल्या गटातच पडल्या पाहिजेत. न पडल्या तर आधी माउंट तपासा, आणि माउंट ठीक असेल तर तो स्कोप परत करा.

वारा: आकडे

स्टँडर्ड वेगाच्या .२२ साठी एक सूत्र पाठ करण्याजोगं आहे: अंतर (मीटर) भागिले १००, गुणिले आडवा वारा (मीटर प्रति सेकंद) म्हणजे लागणारे एमओए. ५० मीटरवर ३ मी/से असेल तर दीड एमओए, पाव एमओएच्या ६ क्लिक. १०० मीटरवर तोच वारा ३ एमओए मागतो, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. तुलनेसाठी, .३०८ ची टार्गेट गोळी ३०० मीटरवर १ मी/से ला साधारण अर्धा एमओएच सरकते. त्यामुळे वारा शिकायला .२२ सारखी शाळा नाही.

जास्त वेगाची .२२ काडतुसं वाऱ्यात कमी हलतील असं वाटतं, पण होतं उलट. वारा गोळीला ढकलतो तो प्रवासाच्या एकूण वेळेच्या प्रमाणात नाही. हवेच्या विरोधामुळे जितका उशीर होतो त्या प्रमाणात. ध्वनीच्या वेगाच्या वर सुटलेली गोळी त्या वेगाच्या आसपास येताना फार वेग गमावते, म्हणून उशीर जास्त आणि सरकणंही जास्त.

दिशा घड्याळाच्या काट्यांनी धरा, टार्गेट बाराला. ३ आणि ९ चा वारा पूर्ण. २, ४, ८, १० चा ०.८७, म्हणजे जवळजवळ पूर्णच, दीडचा ०.७, १, ५, ७, ११ चा निम्मा. यातून एक गोष्ट निघते जी नवख्याला खरी वाटत नाही. ४ मी/से चा वारा बरोबर ३ वरून येत असताना १५ अंश फिरला तर फरक ३-४ टक्के, काहीच नाही. तोच वारा १२ वरून येत असताना १५ अंश डावीकडे आणि मग १५ अंश उजवीकडे डुलला, तर ५० मीटरवर गोळी एकदा ७ मिमी इकडे, एकदा ७ मिमी तिकडे. समोरून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो आणि सर्वांत जास्त गुण तोच घेतो. आडव्या वाऱ्यात वेगावर नजर ठेवा, समोरच्या-पाठीमागच्या वाऱ्यात दिशेवर.

उजव्या पिळाच्या (आतले चर उजवीकडे फिरणाऱ्या) नळीतून .२२ चा गट वाऱ्यात सरळ आडवा पसरत नाही. डावीकडच्या वाऱ्यात गोळी उजवीकडे आणि जराशी खाली जाते, उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि वर. १० ते ४ अशी तिरपी रेघ दिसते. हा पिळाचा परिणाम आहे, तुमच्या श्वासाचा नाही. सरळ उभा पसारा मात्र बहुधा काडतुसांतल्या वेगाच्या फरकाचा. त्यावर वाऱ्याची दुरुस्ती देऊ नका, काडतुसांचा दुसरा लॉट (वेगळी खेप) वापरून बघा.

वारा: खुणा

५० मीटरच्या रेंजवर अधिकृत झेंडे १० आणि ३० मीटरवर असतात, ५ सेंमी रुंद, ४० सेंमी लांब सुती पट्ट्या. क्लबमध्ये नसतील तर जुन्या धोतराच्या कापून काठ्यांना बांधा. आधी जवळचा झेंडा बघा: सुरुवातीला मिळालेला कल गोळी शेवटपर्यंत घेऊन जाते, म्हणून नळीजवळचा वारा टार्गेटजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त हलवतो. ओला झेंडा खोटं बोलतो. भिजलेलं कापड उचलायला जास्त वारा लागतो. पावसाळ्यात झेंडा निम्माच उठलेला दिसला तरी वारा पुरता असू शकतो.

झेंड्यांशिवाय: चेहऱ्याला जाणवतो आणि पानं सळसळतात तो ताशी ६ ते ११ किमी. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात तो १२ ते १९. धूळ आणि कागद उडतो तो २० ते २८. ताशी किलोमीटरला ३.६ नं भागलं की मीटर प्रति सेकंद. हातातलं वाऱ्याचं मीटर घ्यायचंच तर ते डोळा तयार करण्यासाठी घ्या: आधी अंदाज बोला, मग मीटर बघा. नेमाच्या वेळी ते फक्त तुमच्याजवळचाच वारा सांगतं.

उन्हात सर्वांत चांगली खूण म्हणजे जमिनीवरची थरथर, मिराज. स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर जुळवून मग किंचित अलीकडे, साधारण दोन-तृतीयांश अंतरावर आणा. हवेच्या लाटा स्पष्ट दिसतील. सरळ वर उकळताना दिसल्या तर आडवा वारा नाही, किंवा तो बदलण्याच्या बेतात आहे. उकळत्या मिराजमध्ये गोळी सोडू नका. कलल्या तर हलका वारा, आडव्या धावल्या तर ताशी १५-२० किमीच्या पुढचा. त्यानंतर वारा कितीही वाढला तरी लाटा तशाच दिसतात, तेव्हा झेंड्यांकडे वळा. मिराज टार्गेटची प्रतिमाही आपल्या वाहण्याच्या दिशेला सरकवतं, हेही ध्यानात असू द्या.

आपल्या पट्ट्याचा वारा ऋतूप्रमाणे ओळखता येतो. जून ते सप्टेंबर घाटावरून येणारा पश्चिमेचा वारा, खानापूर-जांबोटीकडे झोतांनी, दमट. उत्तर-दक्षिण रेंजवर तो पूर्ण आडवा पडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळ बहुधा शांत, ऊन चढलं की पूर्वेची झुळूक. झीरो करायला आणि काडतुसं पारखायला हाच काळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी वावटळी, आणि वळिवाआधी वारा काही मिनिटांत दिशा बदलतो. ढग चढताना दिसले की उरलेल्या गोळ्या राखून ठेवा.

उसाचा परिणाम फार कमी लोक नोंदवतात. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडे रेंजच्या कडेला ऊस उभा असेल तर अडीच-तीन मीटरची भिंतच असते: खाली वारा अडतो, शेंड्यावरून येणारा आत वळून भोवरे करतो आणि दोन झेंडे दोन दिशा दाखवतात. तोडणी झाली की तीच रेंज उघडी पडते. वहीतले जुने आकडे तोडणीनंतर रद्द समजा. मातीचा बांध आणि शेडची भिंत यांच्या आडोशालाही हेच होतं.

गोळी सोडताना

सुरुवातीला पाच-दहा मिनिटं फक्त बघा. कुठला वारा पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळ टिकतो ते हेरून तो आपला वारा ठरवा. साइटर (सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या) त्यातच मारून क्लिक द्या: वारा ज्या बाजूनं, क्लिक त्या बाजूला. मग तो वारा असेल तेव्हाच मारा. प्रोनमध्ये ६० गोळ्यांना ५० मिनिटं मिळतात. वाऱ्यासाठी दोन-तीन मिनिटं थांबणं परवडतं, आणि आला की भराभर पाच-सहा गोळ्या काढता येतात. लहान बदलाला क्लिक फिरवू नका. नेमच वाऱ्याकडे थोडा सरकवून धरा, नाहीतर दहाव्या गोळीनंतर टरेट कुठे आहे हेच आठवत नाही. डायॉप्टरवाल्यांना नेम सरकवून धरणं अवघड, त्यांनी क्लिकच द्याव्यात, पण प्रत्येक क्लिक मोजून लिहावी.

चुकलेल्या गोळीनंतर लगेच दुरुस्ती देणं हा नेहमीचा सापळा. आधी आठवा: ट्रिगर सुटला त्या क्षणी झेंडा कुठे होता? आठवत नसेल तर ती गोळी काहीच शिकवत नाही, दुसरी मारा. ट्रिगरच्या आधीची शेवटची नजर झेंड्याकडे हवी आणि ती नजर ते ट्रिगर हे अंतर चार-पाच सेकंदांपेक्षा लांबू नये.

वहीत तारीख, वेळ, रेंजची दिशा, काडतुसाचा लॉट, वाऱ्याची दिशा-वेग, दिलेली दुरुस्ती आणि गोळी प्रत्यक्ष कुठे पडली एवढं लिहा. अंदाज आणि निकाल शेजारी-शेजारी आले की तुम्ही वारा नेहमी कमी धरता की जास्त, ते कळतं. बहुतेक जण कमी धरतात.

पावसाळा संपेपर्यंत स्कोप रेक्झिनच्या केसमध्ये बंद ठेवू नका. कणकुंबी-जांबोटीच्या दमटपणात भिंगावर बुरशी धरते आणि ती लेपच खाते; मग पुसून काही होत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या दर महिन्याला गरम करून वाळवा. भिंगावर माती असेल तर आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. लाल मातीचा एक कण कापडाखाली राहिला तरी ओरखडा कायमचा.